टेकडीवरची प्रयोगशाळा आणि गाडीतले सॉफ्टवेअर

१/ वारजेहून जवळच, कोथरूडच्या वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली वाहन संशोधन संस्था, एआरएआय, आहे.

२/ कार्ब्युरेटर मागे पडला आणि इंधन किती व कधी फवारायचे, हे सॉफ्टवेअर ठरवू लागले. त्यातील आकडे बदलले की तेच इंजिन अधिक ताकद देते. धूरही मात्र बदलतो.

३/ चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर घटवणारे सॉफ्टवेअर फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांत असल्याचे २०१५ मध्ये अमेरिकेत उघड झाले.

४/ एआरएआयने भारतातील गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर तपासल्या. उत्सर्जन बीएस-४ मर्यादेच्या १.१ ते २.६ पट निघाले. डिसेंबरमध्ये कंपनीने सॉफ्टवेअर बदलण्यासाठी ३,२३,७०० गाड्या परत बोलावल्या.

५/ अश्वशक्तीचा हिशेब चालक मांडतो. धुराचा हिशेब मात्र साऱ्या शहराला चुकवावा लागतो.