मांद्रे, साळगाव आणि हायडेलबर्ग

आधुनिक नेत्रविद्येचा आरंभ १८५१ सालापासून मोजण्याचा प्रघात आहे. त्या वर्षी हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने ऑफ्थॅल्मोस्कोप जगापुढे ठेवला. तोवर जिवंत डोळ्याची बाहुली वैद्याला काळीच दिसे. ज्या मार्गाने प्रकाश आत शिरतो, त्याच मार्गाने पाहण्याची युक्ती सापडली आणि दृष्टिपटल दृष्टीस पडले. योगायोग असा की, त्याच १८५१ साली मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली, आणि तीत पेडणे महालातील मांद्रे येथे जन्मलेले भाऊ दाजी लाड होते.

मातीची चित्रे विकणाऱ्या बापाचा हा मुलगा मुंबईस गेला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पणजीस १८४२ सालीच वैद्यकशाळा स्थापन झाली होती. परंतु तेथील शिक्षण पोर्तुगीजमधून, आणि पेडणे-डिचोलीकडच्या हिंदू मुलांचा अक्षरपरिचय मराठीतला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आलेल्या या मुलखाचे मन मुंबई-सावंतवाडीकडे वळलेले होते. नेत्ररोग हा भाऊ दाजींचा विषय नव्हता. कडू कवठाच्या बियांचा महारोगावर होणारा परिणाम ते तपासीत राहिले. तरी औषध देणे निराळे आणि औषधाची परीक्षा करणे निराळे, हा भेद त्यांनी जाणला होता, आणि संशोधकाची खरी दीक्षा तीच होय.

दुसरी वाट बार्देशातून लिस्बनला जात होती. साळगावी १८५३ साली जन्मलेले गामा पिंतो त्या वाटेने गेले. लिस्बनला वैद्यकाचे शिक्षण पुरे करून ते थांबते, तर एक चांगले डॉक्टर म्हणून त्यांचे नाव राहिले असते. परंतु ते हायडेलबर्गला ओटो बेकर यांचे साहाय्यक झाले. तेथील शिक्षणाची रीत कठोर होती. रोग्याच्या हयातीत जे डोळ्यात दिसले, तेच पुढे काढलेल्या डोळ्याच्या पातळ कापांत, सूक्ष्मदर्शकाखाली, पुन्हा शोधावयाचे. दिसले आणि सापडले यांचा मेळ बसला नाही, तर दोष आपल्या नजरेचा की पुस्तकाचा, हे ठरविल्यावाचून सुटका नसे. व्याख्याने ऐकून ही सवय लागत नाही. गुरूच्या शेजारी बसूनच ती लागते.

त्या तपश्चर्येचे फळ म्हणजे डोळ्यातील अर्बुदांविषयीचा त्यांचा जर्मन ग्रंथ. तो १८८६ साली प्रसिद्ध झाला. बालकांच्या दृष्टिपटलावर उद्भवणारे, आज रेटिनोब्लास्टोमा म्हणून ओळखले जाणारे अर्बुद हा त्याचा विषय. मुलाच्या बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी चमक दिसते, आणि वेळीच ओळखले नाही तर डोळाच नव्हे, प्राणही जातो. त्याच १८८६ साली फिलिपाइन्सचा देशभक्त होसे रिझाल याच बेकरांपाशी नेत्रविद्या शिकत होता! पराधीन देशांतील तरुणांना विद्येसाठी किती दूर जावे लागे, हे एवढ्यावरून कळावे.

गामा पिंतो गोव्यास परतले नाहीत. १८८९ साली त्यांनी लिस्बनला नेत्रसंस्था उभारली. पुढे तिला त्यांचेच नाव मिळाले. त्यांना यासाठी दोष देणे अन्यायाचे होईल. कारण पणजीच्या पदवीधराला पोर्तुगालात व्यवसाय करावयाचा तर तेथे पुन्हा शिकावे लागे. ज्या शाळेची पदवीच अशी दुय्यम लेखली गेली, तिथे संशोधनाची परंपरा त्या काळी कोणाच्या बळावर रुजणार? नुकसान झाले ते गोव्याचे. हायडेलबर्गची ती रीत साळगावच्या माणसाने आत्मसात केली, पण ती शिकविली लिस्बनच्या तरुणांना. साळगावाहून फार दूर नसलेल्या डिचोलीच्या मुलाला तिची वार्ताही नव्हती.

गोवा १९६१ साली मुक्त झाला. १९६३ साली पणजीच्या जुन्या शाळेचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय झाले आणि ते मुंबई विद्यापीठाशी जोडले गेले. १९८५ साली गोवा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत तो संबंध टिकला. म्हणजे ज्या मुंबईसाठी मांद्र्याच्या मुलाला घर सोडावे लागले होते, तिची पदवी आता पेडण्याच्या मुलाला गोव्यातच मिळू लागली.