किल्ली खिशात, इंजिन चालू

किल्ली ही वस्तू माणसाने कुलूप उघडण्यासाठी शोधून काढली, असा सर्वत्र समज आहे. मी बँकेत कारकून असल्यामुळे मला तो पटत नाही. किल्ली असते ती जबाबदारी कुणाची हे ठरवण्यासाठी. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या. एक हेडकॅशियरकडे, दुसरी साहेबांकडे. दोघांचं बोलणं बंद असलं तरी तिजोरी उघडताना दोघांना शेजारी शेजारी उभं राहावंच लागतं. शिवाय कॅशपेटीचं कुलूप असं, की नीट बंद झाल्याखेरीज त्यातून किल्ली निघतच नाही. किल्ली हातात आली म्हणजे पेटी बंद झाल्याची पावतीच मिळाली. मोटारीच्या इतिहासात माणसाने ही पावती मोठ्या कष्टाने मिळवली आणि पुढे हौसेने फाडून टाकली.

मोटारीच्या बाळपणी सगळा कारभार हँडलवर होता. गाडीपुढे वाकून हँडल मारायचं. इंजिनाची लहर फिरली की हँडल उलटा झटका देई आणि मारणाऱ्याचं मनगट मोडे. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलंड यांचा एक मित्र अशाच तडाख्याने जखमी होऊन पुढे वारला, अशी कथा सांगतात. मात्र इतका घाम गाळून सुरू केलेलं इंजिन तसंच सोडून घरात जाऊन झोपण्याची कुणाची टाप नव्हती.

या हँडलमधून सुटका केली ती चार्ल्स केटरिंग यांनी. त्यांचा विजेचा स्टार्टर 1912च्या कॅडिलॅक गाड्यांत आला. हे गृहस्थ आमच्याच गोतावळ्यातले म्हणायचे, कारण त्याआधी ते नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होते. तिथे त्यांनी गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. गल्ला उघडायला जोर लागतो तो क्षणभर. इंजिन जागं करायलाही क्षणभरच. हे त्यांनी बरोब्बर हेरलं. बी.कॉम. झालेल्यांना मोटारीच्या इतिहासात मान ताठ करण्यासारखी एवढीच एक जागा आहे.

1949 साली क्रायस्लरने किल्ली फिरवून इंजिन सुरू करण्याची सोय आणली. पुढे ऑटोमॅटिक गाड्यांत गिअर 'पार्क'वर नेल्याशिवाय किल्लीच निघेना. थेट आमच्या कॅशपेटीचा न्याय! किल्ली खिशात पडली, की इंजिन बंद आणि गाडी जागच्या जागी, असं डोळे मिटून समजावं.

मग 1990च्या दशकाच्या अखेरीस मर्सिडीजने आपल्या बड्या गाडीत बिनकिल्लीची सोय दिली. यंत्र खिशात ठेवा, बटण दाबा, निघा. हळूहळू हे बटण साध्या गाड्यांतही आलं. पण या खिशातल्या यंत्राला 'किल्ली' म्हणणं म्हणजे निवृत्त साहेबांना 'साहेब' म्हणण्यासारखं आहे. मान तोच, अधिकार गेला. ते घेऊन माणूस घरात गेला तरी इंजिन चालूच राहतं. यालाही कारण आहे. रस्त्यावर भर वेगात यंत्राचा सेल संपला, तर इंजिन बंद पडून कसं चालेल? तेव्हा गाडी फक्त 'पीं पीं' करते. पण हल्ली पट्ट्यासाठी पीं पीं, दारासाठी पीं पीं. ऐकणार कोण?

अमेरिकेत पुष्कळांचं गॅरेज घराला चिकटून असतं. नव्या इंजिनाचा आवाज इतका कमी, की कान द्यावा तेव्हा कळतो. हायब्रिड गाडी तर मुकाट्याने उभी राहते आणि बॅटरी उतरली की इंजिन आपणहून सुरू करते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड गॅरेजमधून घरात शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा बळकावतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने 2018 मध्ये मोजदाद केली, तेव्हा 2006 पासून असे निदान 28 मृत्यू आढळले. त्यांत म्हातारी माणसं बरीच होती. इंजिन चालू ठेवून उतरलं तर बाहेर ऐकू जाईल असा भोंगा वाजावा, असा नियम तिथल्या सरकारी खात्याने 2011 मध्येच सुचवला होता. साऱ्या मोटारधंद्याला मिळून खर्च वर्षाला 5 लाख डॉलरच्या आत, असा त्याच खात्याचा अंदाज होता. धंद्याने विरोध केला आणि फाईल पडून राहिली. फाईल पडून राहण्यात आपणच पटाईत, असं आम्हाला उगाच वाटत होतं. शेवटी 2021च्या कायद्याने, ठराविक वेळ उभ्या गाडीचं इंजिन आपोआप बंद व्हावं असा नियम करा, म्हणून बजावलं. काही कंपन्यांनी त्याआधीच ही सोय सुरू केली होती.

विसरणं हा माणसाचा दोष नव्हे, तो त्याचा धर्म आहे. हे ओळखूनच तर तिजोरीला दोन किल्ल्या आणि खतावणीला दुसऱ्याची सही. सत्तरीतला माणूस बाजारहाट करून, पिशव्या सांभाळत घरात येतो. बोटाने बटण दाबायचं राहून जातं. जुनी किल्ली त्याला आठवण करून देत नव्हती. ती त्याला विसरूच देत नव्हती. या दोहोंत जे अंतर आहे, त्याची किंमत वर्षाला 5 लाख डॉलरहून कमी होती.