करार संपल्यावर काय उरते? बजाजच्या भागीदाऱ्यांचा मागोवा

1945 मध्ये स्थापन झालेली बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन 1948 पासून परदेशी दुचाकी आणि तीनचाकी आणून विकत होती. 1959 मध्ये तिला उत्पादनाचा सरकारी परवाना मिळाला. 1960 मध्ये ती बजाज ऑटो झाली आणि इटलीच्या पियाजिओशी झालेल्या तांत्रिक सहकार्यातून पुण्याजवळ आकुर्डीला व्हेस्पा स्कूटर तयार होऊ लागली. या करारामुळे व्यापाऱ्याचा कारखानदार झाला.

1971 मध्ये करार संपला आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही. पण तोवर कामगारांचे हात तयार झाले होते आणि सुटे भाग पुरवणारे लघुउद्योजक पिंपरी-चिंचवड परिसरात उभे राहत होते. 1972 मध्ये राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन बजाजची चेतक स्कूटर आली. घडण जुन्या व्हेस्पाचीच, नाव मात्र स्वतःचे. परदेशात पियाजिओने पेटंटभंगाचे दावे लावले आणि निर्यातीला फटका बसला. देशात मात्र नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे चेतकची वाट पाहत. या यशात कंपनीचे प्रमुख राहुल बजाज यांच्या नेतृत्वाचा वाटा होता, तसाच परवानाराजने निर्माण केलेल्या टंचाईचाही होता.

ती टंचाई सरली तेव्हा खरी कसोटी लागली. ऐंशीच्या दशकात परदेशी सहकार्याची दारे उघडली आणि जपानी कंपन्या आल्या. हिरोने होंडाचा हात धरला, टीव्हीएसने सुझुकीचा, एस्कॉर्ट्सने यामाहाचा आणि बजाजने कावासाकीचा. 1985 मध्ये हिरो होंडाची चार-स्ट्रोक सीडी 100 आली आणि कमी पेट्रोलमध्ये जास्त अंतर कापू लागली. 1986 मधली बजाजची केबी 100 टू-स्ट्रोक होती, आणि कंपनीचा भर पुढेही बराच काळ स्कूटरवरच राहिला. 2001 मध्ये हिरो होंडा जगातली सर्वांत मोठी दुचाकी कंपनी बनली. हिरो आणि बजाज दोघांकडेही जपानी भागीदार होता. ग्राहक कुठे निघाला आहे हे एकाने वेळेत ओळखले, दुसऱ्याने उशिरा.

त्याच वर्षी बजाजने उत्तर दिले. नोव्हेंबर 2001 मध्ये पल्सर आली. कावासाकीबरोबरचे संबंध चालू असतानाच कंपनीने ही मोटरसायकल स्वतःच्या संशोधन विभागाच्या बळावर, स्वतःच्या नावाने उतरवली. शंभर सीसीच्या बाजारात तिने दीडशे आणि एकशे ऐंशी सीसीची यंत्रे आणली, आणि 2003 मध्ये दोन स्पार्क प्लगचे डीटीएस-आय तंत्र. चालत्या कंपनीच्या पोटातच नवा उद्योग उभा करणे म्हणतात ते हेच. पुढे राहुल बजाज यांचे पुत्र राजीव बजाज यांनी, जिच्यावर एक पिढी वाढली ती गिअरची स्कूटरही बंद केली.

मग नात्याची दिशा उलटली. 2007 मध्ये बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएम या मोटरसायकल कंपनीचा 14.5 टक्के हिस्सा घेतला. 2011 पासून पुण्याजवळ चाकणला बनलेली केटीएमची ड्यूक 125 युरोपात विकली जाऊ लागली. कधी इटलीकडून स्कूटर शिकलेला पुणे परिसर आता युरोपीय नावाच्या मोटरसायकली बनवून देत होता. 2017 मध्ये भारतातली कावासाकीसोबतची विक्रीची साथ सुटली. त्याच वर्षी ब्रिटनच्या ट्रायम्फशी भागीदारी जाहीर झाली आणि 2023 मध्ये चाकणहून स्पीड 400 आली. सगळेच डाव जमले नाहीत. रेनो-निसानबरोबर आखलेली स्वस्त मोटार प्रत्यक्षात आली नाही. त्याच वाटेवर बजाजची चारचाकी क्यूट मात्र घडली. 2024 च्या अखेरीस केटीएम दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि 2025 मध्ये बजाजला तिच्यात मोठा पैसा ओतून नियंत्रण हाती घ्यावे लागले. भागीदारीत नफ्याबरोबर जोखीमही वाट्याला येते.

या साठ-पासष्ट वर्षांचा निष्कर्ष माझ्या मते स्पष्ट आहे. करार दार उघडून देतो, आत शिरून घर बांधायचे ते कंपनीलाच. तंत्र भाड्याने मिळते. धाडस, संशोधन आणि बाजाराची जाण भाड्याने मिळत नाही. चाकण-रांजणगावच्या पट्ट्यात परदेशी कंपनीशी सामंजस्य करार करणाऱ्या उद्योजकाने सही करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हा करार उद्या संपला, तर माझ्या कारखान्याला स्वतःच्या बळावर काय बनवता येईल?