दिवसा शॉप फ्लोअर, रात्री अभ्यास

दहावीनंतर आपल्यातले काही डिप्लोमाला गेले आणि पुढे कारखान्यात लागले. मी बारावी करून इंजिनिअर झाले. नोकरी न सोडता पदवीच्या बरोबरीला पोहोचण्याची वाट त्यांच्यासाठीही होती: एएमआयई.

इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही संस्था १९२० सालची. १९३५ मध्ये तिला रॉयल चार्टर मिळाला. तिच्या दोन विभागांच्या परीक्षा घरी अभ्यास करून देता येत आणि सरकारी नोकरीत त्या पदवीसमान धरल्या जात. ३१ मे २०१३ नंतर नाव नोंदवणाऱ्यांना ती मान्यता उरली नाही.

आता डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो; पण कॉलेज बहुधा दिवसाचं, म्हणजे पगार बुडतो. आपल्या शाळेतल्या मुलांना शिष्यवृत्ती द्यायचीच, तर फीबरोबर त्या बुडणाऱ्या पगाराचाही हिशेब धरूया.