वाळूपासून वेणीपर्यंत

आपल्या स्मरणिकेत पाककृती, विणकाम आणि प्रवासवर्णने नेहमी येतात. यंदा रोजच्या वापरातील एखाद्या वस्तूचा इतिहास द्यावा, असे संपादिकाबाईंनी सुचविले. मी निवडलेली वस्तू आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या न्हाणीघरात आहे, पण तिचे नाव फार थोड्या जणींना ठाऊक आहे. ती वस्तू म्हणजे सिलिकोन. शॅम्पू, कंडिशनर व सिरम यांच्या बाटल्यांतून ते आपल्या केसांवर येऊन बसते. कोणी म्हणते, त्याने केस रेशमासारखे होतात. कोणी म्हणते, त्याने केसांचा सत्यानाश होतो. खरे काय ते कळावे म्हणून हे सिलिकोन मुळात आले कोठून आणि कशासाठी, याचा मी शोध घेतला. माझी एक भाची रसायनशास्त्र शिकविते. जे मला उमगले नाही ते तिने समजावून दिले.

आपल्या आज्या-पणज्या शिकेकाई, रिठा व आवळकाठी यांनी न्हात. शिकेकाईत व रिठ्यात फेस आणणारे द्रव्य असते, त्याने मळ निघतो. न्हाण्याआधी डोक्यावर तेल जिरविलेले असे, त्यामुळे केस अगदीच रुक्ष होत नसत. पुढे काळ पालटला. अमेरिकेत १९३०च्या दशकात साबणाऐवजी रासायनिक फेसाचे शॅम्पू निघाले. ते कडक पाण्यातही उत्तम फेस देत आणि मळ झटकन काढीत. परंतु मळाबरोबर केसांचे अंगचे तेलही निघून जाई. केस स्वच्छ होत, पण त्यांचा गुंता होई आणि फणी अडे. स्वच्छता मिळाली, मऊपणा गेला. तो परत आणण्याच्या धडपडीतच पुढे सिलिकोनला केसांत जागा मिळाली.

मात्र सिलिकोनचा जन्म केसांसाठी झालेला नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथे फ्रेडरिक किपिंग नावाचे प्राध्यापक होते. १८९९च्या सुमारास त्यांनी सिलिकॉन या मूलद्रव्याच्या संयुगांचा अभ्यास आरंभिला आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षे चालविला. सिलिकॉन म्हणजे वाळूत असते ते मूलद्रव्य. 'सिलिकोन' हे नाव किपिंग यांनीच रूढ केले. कीटोन नावाच्या पदार्थांशी त्याचे साम्य असावे अशी त्यांची समजूत होती. पुढे ते साम्य खरे नाही असे ठरले, पण नाव मात्र राहिले. त्यांच्या काचपात्रांत पुष्कळदा चिकट गोळे तयार होत आणि ते त्यांना त्रासदायक वाटत. १९३६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे केलेल्या व्याख्यानात, या विषयात लवकर काही मोठी प्रगती होईल अशी आशा दिसत नाही, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी काढले. मौज अशी की, त्या चिकट गोळ्यांच्या जातीचे पदार्थच पुढे जगभर खपले.

त्याच दशकात अमेरिकेतील कॉर्निंग या काचेच्या कारखान्यात फ्रँकलिन हाइड हे संशोधक काचेचा टिकाऊपणा आणि प्लॅस्टिकचा लवचिकपणा एकत्र आणण्याच्या खटपटीत होते. १९४० साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील यूजीन रोचो यांनी सिलिकोन स्वस्तात तयार करण्याची वाट दाखविली. वाळूपासून काढलेल्या सिलिकॉनची भुकटी करावयाची, तीत तांबे मिसळावयाचे आणि ती तापवून तिच्यावरून मिथाइल क्लोराइड हा वायू सोडावयाचा. त्यातून निघालेल्या द्रवाची पाण्याशी गाठ घातली की सिलिकोनच्या लांब साखळ्या तयार होतात. जर्मनीत रिचर्ड म्युलर यांनीही जवळजवळ त्याच वेळी स्वतंत्रपणे हीच रीत शोधली.

तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. उंच उडणाऱ्या विमानांच्या इंजिनांत ओल शिरे आणि ठिणगी नीट पडत नसे. १९४३ साली अमेरिकेत मिशिगन राज्यातील मिडलंड येथे डाऊ कॉर्निंग ही कंपनी निघाली आणि तिने केलेले सिलिकोनचे ग्रीस ही ओल अडविण्याच्या कामी आले. पाणी बाहेर ठेवावयाचे, उष्णता सोसावयाची आणि दोन वस्तू एकमेकींवरून अलगद सरकवावयाच्या, हे सिलिकोनचे गुण तेथेच सिद्ध झाले. केसांवरही ते हेच करते, अधिक काही नाही.

युद्ध संपल्यावर कारखान्यांनी नवी गिऱ्हाइके शोधली. १९५०च्या दशकात हातांना लावण्याच्या मलमांत सिलिकोन आले आणि हळूहळू ते केसांकडे वळले. शॅम्पूत मात्र मोठी अडचण होती. जो फेस तेल धुऊन काढतो, त्यातच सिलिकोनचे तेल टिकवून केसांवर बसवावयाचे कसे? १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीने हे कोडे सोडविले. सिलिकोनचे अतिसूक्ष्म थेंब शॅम्पूत तरंगत ठेवावयाचे आणि केसांवर पाणी ओतून फेस पातळ झाला की ते थेंब केसांवर बसावयाचे, अशी ती युक्ती. धुणे आणि मऊ करणे एकाच बाटलीत आले. १९९०च्या दशकात हे शॅम्पू आपल्याकडेही आले. दक्षिणेत त्याआधीच शॅम्पूच्या लहान पुड्या निघाल्या होत्या, त्यामुळे बाटली न परवडणाऱ्या घरांतही शॅम्पू पोचला होता.

आता गुणदोष पाहू. केसाच्या बाहेरच्या अंगाला छपरावरील कौलांसारखे बारीक खवले असतात. वारंवार धुणे, रंगविणे, ओढून विंचरणे आणि गरम हवेने वाळविणे यांनी ही कौले उचकटतात. सिलिकोन त्यांवर पातळ थर देते. केस केसावर घासत नाही, फणी सरकते आणि तुटणारे केस वाचतात. पावसाळ्यात दमट हवेने केस पिंजारतात तेही कमी होते. गरम यंत्राची धगही काही अंशी सोसली जाते. हे फायदे खरे आहेत, ते नाकारू नयेत.

दोषही खरे आहेत. काही सिलिकोने साध्या शॅम्पूने निघतात, तर काही केसांच्या खराब झालेल्या भागाला घट्ट धरून राहतात. थरावर थर बसला की बारीक केस चपटे व जड दिसतात आणि कुरळ्यांचा डौल जातो. मग तो थर काढण्यासाठी कडक शॅम्पू आणावा, त्याने केस कोरडे पडावेत आणि पुन्हा सिरम लावावे, असे रहाटगाडगे सुरू होते. अमेरिकेतील केशकर्तनकार लॉरेन मॅसी यांनी २००१-०२च्या सुमारास कुरळ्या केसांवर पुस्तक लिहून सिलिकोन टाळण्याचा सल्ला दिला. तेव्हापासून पुष्कळ कुरळ्या केसांच्या मुली ते वर्ज्य मानतात.

आमच्या घरी हा वाद नेहमीचा. सासूबाई नातीला म्हणतात, "अगं, बाटलीतलं काय फासतेस? खोबरेल लाव." ती म्हणते, "आजी, तेल लावून कॉलेजला कशी जाऊ?" यात दोघींच्याही पदरात काही सत्य आहे. २००३ साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी प्रयोग करून दाखविले की, खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना केसातील प्रथिनांची झीज कमी करते, खनिज तेलाने तसे होत नाही. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते हे ध्यानात ठेवावे, तथापि खोबरेल केसात शिरते हे इतर संशोधकांनाही आढळले आहे. म्हणजे तेल आतून आधार देते आणि सिलिकोन वरून झाकते. एकाचे काम दुसऱ्याने होत नाही.

सिलिकोनने केस गुदमरतात ही मात्र भ्रामक समजूत आहे. त्वचेबाहेरचा केस निर्जीव असतो, तो श्वास घेत नाही. उवा मारण्याच्या काही औषधांत डायमेथिकोन नावाचे सिलिकोनच असते, आणि तान्ह्या बाळांच्या पोटातील वायूवर देतात त्या थेंबांतही त्याच जातीचे द्रव्य असते. तेव्हा त्याला विष म्हणणे योग्य नव्हे. काही हलक्या सिलिकोनांची गोष्ट वेगळी आहे. डी-४ आणि डी-५ या नावांनी ओळखली जाणारी सिलिकोने पाण्यात गेली की लवकर नाश पावत नाहीत. म्हणून युरोपीय संघाने धुऊन टाकावयाच्या प्रसाधनांत त्यांच्यावर ३१ जानेवारी २०२० पासून कडक मर्यादा घातली. २०२४ साली हा नियम केसांवर तसेच राहू द्यावयाच्या प्रसाधनांपर्यंत वाढविण्यात आला आणि त्यांच्यासाठी ६ जून २०२७ ही तारीख ठरली. आपल्या न्हाणीघराची मोरी शेवटी नदीलाच मिळते, हे आपणही विसरू नये.

परंतु सर्वांत मोठी हानी सिलिकोनने होत नाही, ती 'केसांचे पोषण' या दोन शब्दांनी होते. आमच्या शेजारच्या एका भगिनीचे केस मूठमूठ गळू लागले. तिने भिशीचे पैसे लागोपाठ सिरमच्या बाटल्यांत घातले. वरचे केस चकाकत, म्हणून तिला वाटे गुण येतो आहे, आणि इकडे भांग रुंदावत चालला होता. सहा महिन्यांनी ती डॉक्टरांकडे गेली तेव्हा रक्तात लोह फारच कमी निघाले. तिला थकवा येई, जिना चढताना धाप लागे, पण त्याकडे घरात कोणी पाहिले नाही, तिने स्वतःही नाही. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर काही महिन्यांनी केसांची गळती थांबली, आणि त्याआधी तिची धाप थांबली.

केस मुळाशी वाढतो आणि मुळाला रक्त पोसते. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळतात, ते बहुधा आपोआप परत येतात. गळती थांबत नसेल, तर लोह आणि थायरॉईड यांची तपासणी करून घ्यावी. बाटली विकत घेताना मागील बारीक अक्षरे वाचावीत. ज्या नावाच्या शेवटी 'कोन' किंवा 'सिलॉक्सेन' येते ते बहुधा सिलिकोन असते. लांब, रंगविलेले, गुंता होणारे केस असतील तर ते थोडे, टोकांकडे लावावे, टाळूला चोळू नये. केस बारीक व तेलकट असतील तर त्यावाचून काही अडत नाही.

सिलिकोन म्हणजे केसांचा रेनकोट आहे. रेनकोट चांगला असावा आणि पावसात जरूर घालावा. पण घरातल्या बाईला भूक लागली असताना तिच्या अंगावर रेनकोट घालून कोणी तिला जेऊ घातले असे म्हणू लागले, तर ते आपण मुळीच चालू देऊ नये.