पॅरिसचा किनो, तंजावरचा शहाजी

मराठी नाटकाचा जन्म कधी झाला? शाळेत पाठ केलेलं उत्तर: १८४३, सांगली, विष्णुदास भावे, 'सीता स्वयंवर'. मीही परवापर्यंत हेच ठोकून सांगायचो. मग एका शनिवारी सांडोरला घरी निवांत बसून जुन्या फ्रेंच ऑपेराबद्दल वाचायला घेतलं, आणि गाडी जी भरकटली ती थेट तंजावरला!

आधी पॅरिस. चौदाव्या लुईच्या काळात फिलिप किनो हा नाटककार संगीतकार ल्युलीसाठी ऑपेराच्या संहिता लिहायचा. १६७३ ते १६८६ मध्ये त्याने अशा ११ शोकांतिका लिहिल्या. करार पक्का: वर्षाला एक संहिता, मोबदला ४,००० लिव्र. विषयावर शिक्कामोर्तब राजाचं. १६७७ च्या 'इझिस'मधल्या मत्सरी देवीत दरबाऱ्यांना राजाची प्रेयसी दिसली, आणि किनोला दोनेक वर्षं घरी बसावं लागलं. क्लायंट नाराज, दुसरं काय!

आता तंजावर. १६८४ मध्ये तिथे शहाजी गादीवर आला. व्यंकोजींचा मुलगा, म्हणजे शिवाजी महाराजांचा पुतण्या. इथे गंमत अशी की राजाच नाटककार. तेलुगूत 'पल्लकी सेवा प्रबंधमु', मराठीत 'लक्ष्मीनारायण कल्याण'. 'पंचभाषाविलास'मध्ये तर मराठी, तमिळ, तेलुगू, हिंदी आणि संस्कृत एकाच रंगमंचावर. आणि हे सगळं सांगलीच्या सुमारे दीडशे वर्षं आधी!

मग आपल्याला हे माहीत का नाही? किनोच्या संहिता छापल्या जायच्या. प्रेक्षक त्या विकत घ्यायचे आणि मेणबत्तीच्या उजेडात वाचत ऑपेरा बघायचे. शहाजीची नाटकं मात्र हस्तलिखितांत, सरस्वती महाल ग्रंथालयात राहिली. भावे आपली मंडळी घेऊन गावोगाव फिरले, १८५३ मध्ये मुंबईलाही आले. आजच्या रंगभूमीचा धागा त्यांच्यापासून सुरू होतो, हे खरंच. पण 'पहिलं' हा मान लिहिणाऱ्यापेक्षा पोचणाऱ्याला मिळतो.

पाच भाषांचं ते नाटक काही डोक्यातून जाईना. आमच्याकडेही घरात बोली, शाळेत मराठी, ऑफिसात इंग्रजी. लग्नात आजी बोलीतली गाणी म्हणते, ती कुठेच लिहिलेली नाहीत. एकच कॉपी, तीही आजीच्या डोक्यात. ऑफिसात रोज बॅकअपवर भाषणं देणारा मी...

असो. उद्या रविवार. रेकॉर्डर घेऊन आजीपुढे बसणार आहे.