शिकागोचा सोळावा खंड : शाळेच्या जमिनीचा एक भाडेपट्टा व रहिवाशांचा विरोध

या त्रैमासिकाच्या वाचकांच्या हातांतून जाणारे जुने कागद बहुधा आपल्या इकडचे असतात : सनदा, महजर, वतनपत्रें, कौलनामे. प्रस्तुत लेखांत आम्ही वाचकांस बरेंच दूर, अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शिकागो शहरीं, नेणार आहों. विद्येसाठीं तोडून दिलेली जमीन पुढें कशी चालते, तिचें उत्पन्न कोणत्या वाटेनें आटतें, आणि ज्यांच्यासाठीं ती दिली ते लोक केव्हां जागे होतात, या प्रश्नांचें उत्तर तेथील दप्तरांत जितकें स्पष्ट मिळतें तितकें आम्हांस अन्यत्र आढळलें नाहीं. आमचें आयुष्य शाळेंत गेलें. तेव्हां या विषयाकडे आम्हांस अगदीं तटस्थपणें पाहतां येत नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

प्रथम मूळ दानाचा विचार करूं. अमेरिकन काँग्रेसनें २० मे १७८५ रोजीं पश्चिमेकडील सरकारी जमिनीच्या मोजणीचा व विक्रीचा कायदा मंजूर केला. मुलुखाचे सहा मैल लांब व सहा मैल रुंद असे चौकोन पाडावे. प्रत्येक चौकोनाचे एकेक चौरस मैलाचे, म्हणजे ६४० एकरांचे, ३६ खंड करावे. आणि त्यांपैकीं १६ वा खंड त्याच चौकोनांतील सार्वजनिक शाळांच्या निर्वाहासाठीं राखून ठेवावा, अशी त्यांत योजना आहे. चौकोनास तिकडे टाउनशिप म्हणतात. खंडांच्या क्रमाचा नकाशा काढून पाहिला असतां १६ वा खंड चौकोनाच्या मध्यबिंदूस लागून येतो, असें दिसून येईल. गांव वसण्यापूर्वींच गांवच्या शाळेची तरतूद व्हावी, ही कल्पना आम्हांस तरी मोठी वाटते.

पुढें १८१८ मध्यें इलिनॉय प्रांतास संस्थानाचा दर्जा मिळाला. त्या वेळच्या कायद्यांत हा खंड संस्थानाच्या हवालीं करतांना जी शब्दयोजना केली आहे ती ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. जमीन संस्थानास दिली खरी. परंतु ती त्या टाउनशिपच्या रहिवाशांच्या उपयोगासाठीं, आणि तो उपयोगही शाळांचाच. म्हणजे नांव एकाचें, भोग दुसऱ्याचा, आणि भोगाचा प्रकारही बांधून दिलेला. याज्ञवल्क्यानें आचाराध्यायांत सांगितलें आहे कीं, राजानें भूमि दान दिल्यास पुढें होणाऱ्या चांगल्या राजांस कळावें म्हणून लेख करून ठेवावा. शिकागोच्या प्रकरणांत लेख होता, शब्द स्पष्ट होते, आणि तरीही जें घडावयाचें तें घडलें.

शिकागोच्या वांट्यास आलेल्या सोळाव्या खंडाची चतुःसीमा आजच्या रस्त्यांनीं सांगावयाची तर अशी : पूर्वेस स्टेट, उत्तरेस मॅडिसन, पश्चिमेस हॉलस्टेड आणि दक्षिणेस पूर्वीचा बारावा रस्ता, ज्यास आतां रूझवेल्ट मार्ग म्हणतात. ते शहर ज्यांनीं पाहिलें आहे किंवा ज्यांनीं त्याचा नुसता नकाशा पाहिला आहे, त्यांस याचा अर्थ निराळा सांगावयास नको. शहरांतील घरांच्या क्रमांकांची मोजणी ज्या चौकापासून सुरू होते तो स्टेट-मॅडिसनचा चौक म्हणजे या खंडाचा ईशान्य कोपरा होय. (ही भूमि मुळांत कोणाची होती, हाही प्रश्न आहेच. शिकागो नदीच्या मुखाजवळचा सहा मैलांचा चौकोन पोटावाटोमी इत्यादि मूळ रहिवाशांकडून १७९५ च्या ग्रीनव्हिलच्या तहानें घेतला गेला. त्यांच्या विरोधाचा कागद शाळेच्या दप्तरांत सांपडणार नाहीं. दान देणाऱ्यानें तें कोणाच्या हातून घेतलें होतें हें दानपत्रांत सहसा लिहीत नाहींत.)

आतां १८३३ सालाकडे येऊं. त्या वर्षाच्या ऑगस्टांत शिकागोस गांव म्हणून मान्यता मिळाली; वस्ती अवघी कांहीं शें माणसांची. इलिनॉयच्या विधिमंडळानें तोंवर असा कायदा केला होता कीं, रहिवाशांनीं अर्ज केल्यास सोळावा खंड विकतां यावा. त्याप्रमाणें ९५ रहिवाशांच्या सह्यांचा अर्ज शाळांच्या जमिनीवरील अधिकारी रिचर्ड हॅमिल्टन यांजकडे गेला आणि ऑक्टोबरांत लिलाव पुकारला गेला. खंडाचे १४२ तुकडे पाडले होते. त्यांतले १३८ विकले गेले. आलेली रक्कम ३८,००० डॉलरांच्या थोडी वर होती, म्हणजे एकरीं सरासरी सुमारें ६० डॉलर. विरोध झाल्याचें दिसत नाहीं. उलट ज्यांच्या उपयोगासाठीं जमीन होती त्यांनींच ती विकावी अशी विनंति केली, आणि ती विनंति कायद्याला धरून होती.

त्या ९५ जणांस मूर्ख म्हणण्याची आमची तयारी नाहीं. चिखलांतलें गांव, शाळेस इमारत नाहीं, मास्तरास पगार नाहीं. पडीक जमिनीपेक्षां रोख पैशाचें व्याज त्यांस जवळचें वाटलें असावें. तथापि अर्जाखालीं सह्या करणारांपैकीं कितीजण लिलावांत घेणारेही होते, ही यादी कोणी तरी दोन्ही कागद शेजारीं ठेवून तयार केली पाहिजे. आपल्याकडे महजरावरील साक्षी आणि निवाड्यांतील लाभार्थी ताडून पाहण्याची जी पद्धति आहे, तीच येथें उपयोगी पडेल.

शाळेविषयीं त्या काळच्या कर्त्या लोकांची दृष्टि किती आंखूड होती याचें एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाहीं. मॅडिसन रस्त्यावर १८४५ मध्यें पहिली पक्की सार्वजनिक शाळा बांधली गेली. ती इतकी मोठी कशाला, अशी ओरड झाली. ज्या गृहस्थांनीं तिचा आग्रह धरला त्या मिल्टिमोर यांच्या नांवानें तिला ‘मिल्टिमोरचा वेडेपणा’ असें नांव पडलें. आणि नगराध्यक्ष गॅरेट यांनीं तर ही इमारत विकावी किंवा तिचें वेड्यांचें इस्पितळ करावें, अशी सूचना केली. थोड्याच वर्षांत शाळा अपुरी पडूं लागली.

विक्रींतून राहिलेल्या चार तुकड्यांपैकीं १४२ वा तुकडा आमच्या विषयाचें मर्म आहे. स्टेट, मॅडिसन, डिअरबॉर्न व मन्रो या चार रस्त्यांमधील ही जागा. १८७१ च्या ऑक्टोबरांतील आगींत भोंवतालचा सर्व भाग जळाला, पण जमिनीस आग लागत नाहीं. उलट नव्या बांधणीनें तिची किंमत चढली. शाळामंडळानें १८८० मध्यें येथील जागा ५० वर्षांच्या पट्ट्यानें दिल्या. पट्ट्याची मुख्य कलमें दोन : जमिनीच्या ठरलेल्या किंमतीवर शेंकडा ६ प्रमाणें भाडें, आणि दर पांच वर्षांनीं त्या किंमतीची फेरआकारणी. हें दुसरें कलम म्हणजे शाळेचा खरा वांटा होय. समजा, जागेची किंमत १०० ठरली तर भाडें ६. शहर वाढून किंमत ३०० झाली तर भाडें १८. शहर वाढविलें सर्वांनीं मिळून. त्या वाढीचा अंश सर्वांच्या मुलांस मिळावा, अशी ही सोय होती.

पुढें पट्ट्यांची मुदत १९८५ पर्यंत वाढविण्यांत आली. आणि १८९५ मध्यें शिकागो ट्रिब्यून या वृत्तपत्राच्या व आणखी कांहीं पट्टेदारांच्या पट्ट्यांतून फेरआकारणीचें कलमच काढून टाकण्यांत आलें. भाडें पुढील ९० वर्षांसाठीं बांधून दिलें गेलें. त्या वेळीं मंडळाचे अध्यक्ष असलेले गृहस्थ त्याच वृत्तपत्राचे वकील होते.

पट्टेदारांची बाजूही मांडली पाहिजे. भाडें केव्हां किती चढेल हें ठाऊक नसतां उंच इमारतीवर लक्षावधि डॉलर कोण घालील, व त्यास कर्ज कोण देईल? हा प्रश्न अगदींच पोकळ नव्हे. ट्रिब्यूननें पुढें १९०२ मध्यें त्या जागीं मोठी इमारत उभारली, हेंही खरें. परंतु अनिश्चितता घालविण्यास दुसरे उपाय होते. फेरआकारणीचा काळ लांबविणें, चढीस मर्यादा घालणें, पंच नेमणें, हे सर्व मार्ग करारनाम्याच्या कारकुनासही सुचले असते. कलम दुरुस्त करणें वेगळें आणि खोडणें वेगळें.

विरोध उभा राहिला तो प्राथमिक शाळांतील शिक्षिकांच्या संघापासून. हा संघ १८९७ मध्यें स्थापन झाला. शिक्षकांस कबूल केलेली पगारवाढ पैसा नाहीं या सबबीवर मागें घेतली गेली, तेव्हां मार्गारेट हेली व कॅथरिन गॉगिन या दोघी शिक्षिकांनीं पैसा कां नाहीं याचा शोध आरंभिला. शोध दप्तरांतला होता, म्हणून आमच्या वाचकांस तो आपलासा वाटेल. ट्रॅम, वायु इत्यादींच्या बड्या कंपन्यांच्या मक्त्यांवर कराची आकारणीच झाली नव्हती, हें त्यांनीं कागदोपत्रीं सिद्ध केलें, आणि १९०१ मध्यें इलिनॉयच्या वरिष्ठ न्यायालयाकडून तशी आकारणी करण्याचा हुकूम मिळविला. त्याच धाग्यानें शाळेच्या जमिनींचे पट्टे उजेडांत आले. पगार मागावयास गेलेल्या बायका शहराचें खतपत्र वाचून परत आल्या, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

त्यांचा मुद्दा थोडक्यांत असा होता : मंडळ हें मालक नव्हे, विश्वस्त आहे, मालकी १८१८ च्या शब्दांनीं रहिवाशांच्या मुलांची आहे, विश्वस्तानें तिसऱ्याच्या फायद्यासाठीं वाढीचा हक्क सोडून देणें हें त्याच्या अधिकाराबाहेरचें आहे. कायदेपंडित यावर काय म्हणतील तें म्हणोत. आम्हांस हा मुद्दा मूळ लेखाशीं सर्वांत जास्त जुळता वाटतो.

अडचण अशी कीं, मंडळाचे सभासद रहिवाशांनीं निवडावयाचे नव्हते. नगराध्यक्ष त्यांस नेमीत असे. शिक्षिकांस तर नगराध्यक्षाच्या निवडणुकींतही मत नव्हतें. म्हणून त्यांनीं सह्या गोळा केल्या, घरोघर पत्रकें वांटलीं, आणि मतदार असलेल्या कामगार संघांशीं स्नेह जोडला. १९०५ मध्यें एडवर्ड डन नगराध्यक्ष झाले. न्यायाधीश असतांना त्यांनीं शिक्षिकांच्या एका खटल्यांत त्यांच्या बाजूनें निकाल दिला होता. त्यांनीं मंडळावर जेन अ‍ॅडम्स यांच्यासारखीं माणसें नेमलीं, आणि या मंडळानें ट्रिब्यूनच्या पट्ट्यास न्यायालयांत आव्हान दिलें. आपल्याच पूर्वाधिकाऱ्यांच्या सहीविरुद्ध मंडळानें वादी व्हावें, हा प्रसंग विरळा.

वृत्तपत्रानें मंडळावर टीकेची झोड उठविली. जो पट्टेदार तोच बातमी देणारा, तेव्हां गांवांतील सामान्य वाचकास हा वाद कोणत्या रंगांत दिसला असेल याची कल्पना करतां येते. संशोधकानें त्या वर्षांतील ट्रिब्यूनचे अंक साधन म्हणून वापरतांना हें विसरूं नये. ते अंक साक्षीदाराचे नव्हेत, प्रतिवादीचे आहेत. १९०७ मध्यें डन निवडणूक हरले, फ्रेड बस आले, आणि त्यांनीं जुन्या सभासदांकडून राजीनामे मागितले. ज्यांनीं दिले नाहींत त्यांस काढून टाकलें. पट्टा कायम राहिला.

आम्ही ज्या शाळेंत प्रथम नोकरीस लागलों तिच्या क्रीडांगणाची एक कड एका वर्षीं दुकानांसाठीं भाड्यानें दिली गेली. करार काय होता हें आम्हां शिक्षकांपैकीं कोणीही विचारलें नाहीं. मुलांनीं मात्र चेंडू कोठें खेळावयाचा म्हणून विचारलें. हेली-गॉगिन यांचें चरित्र वाचतांना तो प्रसंग वारंवार आठवला.

याच शहराच्या हद्दींत दुसऱ्या एका टाउनशिपचा सोळावा खंड होता, त्याचेंही वृत्त येथें नोंदवितों. नैर्ऋत्येकडील तो चौरस मैल शाळामंडळानें विकला नाहीं. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत शहरानें तो भाड्यानें घेतला, तेथें विमानतळ झाला आणि पुढें त्यास मिडवे हें नांव मिळालें. १९८२ मध्यें शहरानें ती जागा मंडळाकडून १ कोटि ६० लक्ष डॉलरांस विकत घेतली. विमानतळाची सीमा अजूनही जवळजवळ बरोबर एक मैलाचा चौकोन आहे, आणि १७८५ चा कायदा ज्यास ठाऊक आहे त्यास तो वरून पाहतांच ओळखूं येतो.

१४२ व्या तुकड्याच्या पट्ट्यांची मुदत १९८५ मध्यें भरली. मूळ पट्टे, त्यांवरील १८९५ ची दुरुस्ती आणि १८३३ चा ९५ सह्यांचा अर्ज, हे तीन कागद एकत्र छापले जावेत अशी आमची इच्छा आहे. तिकडील कोणा संग्राहकाच्या हातीं त्यांच्या नकला असल्यास, आमच्या वाचकांपैकीं त्या देशांत असलेल्यांनीं त्या पाहून सह्यांची नांवें उतरून घ्यावीं.